१९८४ची बुलेट घेऊन एकट्याने पुणे ते कन्याकुमारी: गाडी तग धरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९८४ची स्टँडर्ड ३५० आहे, इंजिन नुकतंच बोअर करून बांधून घेतलंय आणि पुढच्या महिन्यात ती घेऊन एकट्यानेच कन्याकुमारी गाठायची आहे. गाडी तग धरेल का? धरेल. पण पुढच्या महिन्यात नको.

जुनी बुलेट वयामुळे रस्त्यात बंद पडते असं सहसा होत नाही. ती बंद पडते नव्याने केलेल्या कामामुळे. नवा कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा विद्युत भाग) तापला की मरतो, नवी क्लच वायर ताणून सैल होते, नवं गॅस्केट बसलं की हेडचे नट ढिले पडतात. म्हणून निघताना गाडीवर असा एकही पार्ट नको, ज्याने किमान ५०० किलोमीटर काढलेले नाहीत. सोबत न्यायचे सुटे पार्टही आधी गाडीवर लावून दीड-दोनशे किलोमीटर चालवा, मग काढून पिशवीत टाका. डबीतून पहिल्यांदा रस्त्यावरच बाहेर निघालेल्या कंडेन्सरवर विसंबू नका.

बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून घासून थोडा मोठा करणं, झालंय म्हणजे आधी रनिंग आलं, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत हळू चालवणं. सिलिंडर बिडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो आणि नव्या बोअरमध्ये त्याला जागा कमी असते. गावातल्या फेऱ्यांत हे कळत नाही, हायवेवर सलग तासभर एकाच वेगाने चालवलं की पिस्टन पकडतो. पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत, अ‍ॅक्सिलेटर कमी-जास्त करत चालवा. मग ऑइल आणि फिल्टर बदला, इंजिन पूर्ण गार असताना हेडचे नट पुन्हा आवळा आणि टॅपेट (व्हॉल्व्हची ढील) पाहा. पुढचे ५०० साठच्या आसपास. चालत्या गाडीचा आवाज अचानक जड झाला आणि ओढ गेली, तर विचार न करता क्लच दाबा, बाजूला थांबा आणि अर्धा तास किकला हात लावू नका.

टॅपेट कुठल्याही मिस्त्रीवर सोपवू नका, स्वतः शिका. सिलिंडरच्या उजव्या बाजूचं झाकण एकाच नटावर असतं. इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारी दांडी) अंगठा आणि तर्जनीत धरा. ती अलगद गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो; हलत असेल तर टकटक येते. लांबच्या प्रवासात टकटक परवडली, घट्ट टॅपेट नाही.

आता इग्निशन, कारण अडचणी सगळ्यात जास्त इथेच येतात. सिलिंडरमागच्या सीबी पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा ०.५ ते ०.६ मिमी. फीलर गेज जवळ ठेवा. गाडी सकाळी छान चालते आणि तासाभराने मिसिंग करते, थोडं गार झाल्यावर पुन्हा सुरळीत चालते, तर संशय आधी कंडेन्सरवर घ्या, मग कॉइलवर. पॉइंटमध्ये मोठी फटफटणारी ठिणगी दिसली की कंडेन्सर गेलाच. किकने उलटा झटका दिला तर टायमिंग पुढे आहे, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते, किंवा वेगाप्रमाणे ठिणगी पुढे-मागे करणाऱ्या ऑटो अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून उघडीच अडकली आहेत. हे दुरुस्त केल्याशिवाय निघू नका, घोटा मोडतो.

किक मारताना हेडलाइटवरचा, करंट दाखवणारा अ‍ॅमीटर वापरा. चावी लावून किक हळू दाबा, कडक लागली की डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून काटा मध्यावर येईपर्यंत खाली न्या, डीकॉम्प्रेसर सोडा, किक पुन्हा वर येऊ द्या आणि मग एकच लांब किक. ताकद लागत नाही.

त्याच अ‍ॅमीटरमुळे गाडी अचानक पूर्ण मुकीही होते. विजेचा जवळपास सगळा प्रवाह त्याच्यातून जातो, आणि थरथरीने मागचा स्क्रू ढिला झाला की हॉर्न, लाइट, करंट सगळं एकदम बंद. अशा वेळी हेडलाइटचं भांडं उघडून अ‍ॅमीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडा आणि वर टेप गुंडाळा. गाडी चालते.

क्लच आणि अ‍ॅक्सिलेटरच्या जास्तीच्या वायरी पिशवीत ठेवू नका, चालू वायरीला लागूनच टेपने बांधून टाका. तुटली की फक्त टोकं बदलायची. याशिवाय दोन प्लग, पॉइंटचा सेट, कंडेन्सर, दोन चेनलॉक, पुढची-मागची ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप, बल्ब, फ्यूज, लोखंडी तार आणि एमसील. पाने तुमच्या गाडीवर लावून पाहूनच घ्या. जुन्या बुलेटचे बरेच नट इंची मापाचे असतात, त्यांवर मिलिमीटरचा पाना घसरतो आणि डोकं गोल करतो.

ऑइल २०डब्ल्यू-५०. पातळी सकाळी गार इंजिनवर बघू नका. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या भागात) उतरतं, पातळी कमी दिसते, आपण वरून ओततो आणि जास्तीचं ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येऊन मागचा टायर माखतो. इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा आणि लगेच बघा.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९८४च्या पेट्रोल कॉकमधलं बुच आणि रबरी नळी त्यासाठी बनलेली नाही. दोन्ही बदला, मध्ये फिल्टर लावा. टाकीला आतून लेप दिला असेल तर तो सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) अडकतो. या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), इंजिन जास्त तापतं. शंभर किलोमीटरनंतर प्लग काढून बघा: तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाका.

रस्ता कोकणपट्टीचाच निवडा. कोल्हापूर, आंबोलीमार्गे सावंतवाडी, तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरला की गोवा, कारवार, उडुपी, मंगळुरू, कोळिकोड, कोची करत थेट कन्याकुमारी. आंबोलीनंतर मोठा घाट नाही, म्हणून इंजिनला सोपा. दिवसाला २०० ते २५० किलोमीटर, वेग ५५ ते ६५, तासाला दहा मिनिटं थांबा. आंबोली उतरताना गाडी गिअरवर ठेवा. सतत ब्रेक धरला तर ड्रम तापून लायनर पकडच सोडतात. केरळच्या दक्षिण भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस असतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी उत्तम. रात्री चालवू नका. जुन्या हेडलाइटच्या उजेडात कामासाठी खणलेला रस्ता दिसत नाही.

सामान पंधरा किलोच्या आत, मागच्या चाकाच्या पुढे आणि खाली बांधा. कॅरिअरवर उंच रचलं की हँडल हलकं होऊन डुलतं. हवा पुढे २०, मागे ३० पीएसआय.

कागदपत्रांत १५ वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण चालू आहे का बघा, ते पाच-पाच वर्षांचं असतं. शिवाय विमा आणि पीयूसी. तुमच्या गाडीला हे लागू नाही, पण कुणाची ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१च्या नियमांखालची व्हिंटेज नोंदणी विचार करून घ्या. त्या नंबरवर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, असा प्रवास बसत नाही.

एकटे आहात, म्हणून रोज मुक्कामी पोहोचल्यावर घरच्या एकाच माणसाला ठरलेल्या वेळी फोन करा. हायवेवरच्या मदतीसाठी १०३३, बाकी कशालाही ११२. आणि इंजिनच गेलं तर अनोळखी गावात उघडायला बसू नका. या रस्त्याला समांतर रेल्वे आहे: कुडाळ, मडगाव, कारवार, उडुपी, मंगळुरू. टेम्पोत घालून जवळच्या मोठ्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसात न्या. आरसीची प्रत, ओळखपत्र आणि गोणपाटात नीट बांधलेली गाडी लागते. पेट्रोल टाकीतून आणि कार्बोरेटरच्या भांड्यातूनही पूर्ण काढावं लागतं, म्हणून एक हातभर नळी जवळ असू द्या.