बारावीनंतर विमान दुरुस्तीचं लायसन्स कसं मिळतं? पगार चांगला असतो का?

पगार चांगला असतो, पण लायसन्स हातात आल्यावर. कॉलेजचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे, इथेच बरेच पालक फसतात. लायसन्स डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था, देते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. मग मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण, मॉड्यूलच्या परीक्षा (पास व्हायला ७५ टक्के लागतात!) आणि सेवेतल्या विमानांवर कामाचा अनुभव. लायसन्सचे मुख्य प्रकार: इंजिन आणि सांगाड्यासाठी बी१, एव्हिऑनिक्ससाठी (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी) बी२. पुढे ए३२० किंवा ७३७ सारख्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या ठरावीक मॉडेलवर काम करण्याची मान्यता) झालं की विमान उड्डाणाला सोडायची सही तुमची. खरा पैसा त्या सहीचा, कारण जबाबदारीही तिचीच. तोवर टेक्निशियनचा पगार बेताचा, रात्रपाळ्याही असतात. फी भरण्याआधी संस्थेची मान्यता डीजीसीएच्या वेबसाइटवर स्वतः तपासा.