बोंडअळी हे नाव कामाचं, कुळाचं नाही

किडामुंगी : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एस.टी.च्या पार्सलनं श्रीखंडाचा एक रिकामा डबा आला. झाकणाला सुईनं भोकं पाडलेली, आत कापसाची सात हिरवी बोंडं, आणि पत्रासोबत वहीच्या चिटोऱ्यावर एक ओळ : "मॅडम, हाई कोनती अयी शे?" खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून अळीची अयी. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण पोर्शनमधल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो. म्हणून या वेळी पहिला मान त्यालाच.

प्रश्न : बोंडं पाठवतोय. बोंडअळीचे कामगंध सापळे लावले होते. महिनाभरात दोन-चार पाखरं पडली, तीही मोठी. बोंडं मात्र आतून नासली. दुकानदार म्हणतो, बोंडअळी ती बोंडअळी, सापळा तोच. गावात म्हणतात, बीटीमुळे अळीची नवीच जात निघाली. खरं काय?
– एक कापूस उत्पादक, चोपडा तालुका

उत्तर : दादा, सातही बोंडं मी ओट्यावर विळीनं उभी चिरली. बाहेरून एकालाही भोक नव्हतं. आतून मात्र पाच बोंडांच्या सालीवर बारीक फोड आलेले होते, मोहरीएवढे. लहानपणी अळी आत शिरते आणि तिची वाट मागं बुजून जाते, तिथला हा फोड. रुई पिवळी पडलेली आणि सरकीत अळी. दोन पांढुरक्या होत्या, काळ्या डोक्याच्या. तीन मोठ्या, अंगावर गुलाबी पट्टे चढलेल्या. एका बोंडात तर दोन सरक्या धाग्यानं एकमेकींना शिवल्यासारख्या जोडलेल्या होत्या. त्याला जोड बी म्हणतात. अशा जोडीत अळी महिनोन्‌महिने झोपून राहते आणि पुढच्या हंगामाची वाट बघते. ही गुलाबी बोंडअळीच, शंका नको.

आता सापळ्याचं. आपण 'बोंडअळी' म्हणतो त्या तीन निरनिराळ्या आहेत. हिरवी ऊर्फ अमेरिकन बोंडअळी चांगली दीड इंच वाढते आणि अर्धं अंग बाहेर ठेवून डोकं बोंडात घालते. ठिपक्यांची बोंडअळी अंगावर मऊ काट्यांसारखे उंचवटे घेऊन फिरते. गुलाबी जेमतेम अर्धा इंच, आणि कायम आत. तिघींचं काम एक, म्हणून आपण नाव एक दिलं. सुतार, लोहार, सोनार तिघंही हातोडी वापरतात म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, तसंच हे.

कुळ बघायचं तर पाखरू बघावं लागतं. गुलाबीचा पतंग गव्हाच्या दाण्याहून थोडा लांब, मातकट राखाडी. भिंगातून पाहिलं की तोंडाजवळच्या दोन मिशा बैलाच्या शिंगांसारख्या वर वळलेल्या दिसतात, आणि मागचा पंख टोकाला निमुळता होऊन त्याला लांब केसांची झालर असते. ही लक्षणं गेलेकिडी घराण्याची. बटाटा पोखरणारा पतंग याच घराण्यातला, आणि कणगीतल्या ज्वारी-गव्हातून उडणारा तो फिकट पिवळसर पतंगही. हिरवी अळी नॉक्टुइडी घराण्यातली, म्हणजे मक्यावरच्या लष्करी अळीची नातलग. ठिपक्यांची अळी तिसऱ्याच, नोलिडी घराण्यात. जुन्या पुस्तकांत ती हिरवीच्या घराण्यात दिसेल. थोडक्यात, गुलाबी अळीला हिरव्या अळीपेक्षा तुमच्या कणगीतला पतंग जवळचा.

हे घराणेशाहीचं ज्ञान सापळ्यात कसं उतरतं ते बघा. रात्री मादी एक वास सोडते आणि नर त्या वासावर येतो. प्रत्येक प्रजातीचा वास वेगळा. एका प्रजातीचा नर दुसरीच्या मादीकडे सहसा जात नाही, म्हणून तर त्या प्रजाती वेगळ्या राहिल्या. सापळ्यातली ल्युअर म्हणजे त्या मादीच्या वासाची नक्कल. तुमच्या सापळ्यात मोठी पाखरं पडली, म्हणजे ल्युअर हिरव्या बोंडअळीची होती. गुलाबीसाठी गॉसिप्ल्युअर लागते. तो नर तुमच्या सापळ्यावरून रोज रात्री उडत गेला असेल. त्याच्या लेखी तिथं काही नव्हतंच. दुकानदाराला हे माहीत असायला हवं होतं. एका नावाच्या घोळात तुमचा महिना गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

राहिली 'नवी जात'. नवी नाही. हीच अळी 1840च्या दशकात भडोच भागातून इंग्लंडला गेली आणि सॉन्डर्स नावाच्या कीटकतज्ज्ञानं तिचं वर्णन करून तिला 'गॉसिपिएला' नाव दिलं. गॉसिपियम म्हणजे कापूस. भडोच म्हणजे आपल्या सुरत-भुसावळ लाईननं सुरत गाठली की पुढं तासाभरावर. प्रजातीचं नाव तेच राहिलं, जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) मात्र बदलत गेला, आणि 1917 साली बुस्क या कीटकतज्ज्ञानं तिला पेक्टिनोफोरा या जीनसमध्ये बसवलं. म्हणून शास्त्रीय नावानंतर सॉन्डर्सचं नाव कंसात छापतात. तो कंस म्हणजे खूण : पहिलं वर्णन या माणसाचं, पण अळीचं घर नंतर बदललं.

जात तीच, पण तिच्यातला जनुकांचा साठा बदलला. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांची गोष्ट, असं शाळेत वाटतं. दादा, ती तुमच्या वावरात झाली, तुमच्या माझ्या डोळ्यांदेखत. 2002 साली देशात बीटी कापसाला, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली तेव्हा त्यात क्राय1एसी हे एक विष होतं. ते अळीच्या आतड्यातल्या पेशीवर कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मग पेशीला भोकं पडतात आणि अळी मरते. लाखो अळ्यांत एखादीच्या कॅडहेरिनची घडण जन्मतःच बिघडलेली असते. विष चिकटायला जागाच नाही. एरवी तिला त्याचा काही फायदा नाही, पण बीटीच्या वावरात बाकीच्या मेल्या आणि ती जगली. महिन्याभरात एक पिढी, हंगामात चार-पाच. 2010च्या सुमारास गुजरातेतल्या अमरेलीच्या अळ्या या विषाला दाद देईनाशा झाल्याचं जाहीर झालं. दोन विषांचं बियाणं 2006 पासून होतं. काही वर्षांत त्यालाही त्या पुरून उरल्या. 2017चा हंगाम तुम्ही विसरला नसाल.

मग हिरवी का नाही बदलली इतक्या लवकर? कारण ती तुरीवर, हरभऱ्यावर, टमाट्यावर जगते. तिथं बीटी नाही, तिथून साध्या अळ्यांची पाखरं येत राहतात आणि जोड्या मिसळतात. हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. साध्या पाखराशी जोडी जमली की पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडतात. गुलाबीला मात्र कापसाशिवाय जवळपास काही चालत नाही. तिच्यासाठी साधा कापूस आपणच पेरायचा होता. पाकिटासोबतची ती 120 ग्रॅमची पुडी त्यासाठीच होती. माझ्या भावाच्या गोठ्यातल्या कोनाड्यात तीन वर्षांच्या पुड्या मी स्वतः पाहिल्या आहेत, फोडलेल्यासुद्धा नव्हत्या. अमेरिकेत साध्या कापसाचे पट्टे पाळले, पुढं नापीक केलेली पाखरं सोडली, आणि 2018 साली तिथल्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. अळी तीच, भडोचवाली.

या वर्षी फरदड, म्हणजे वेचणीनंतर पऱ्हाटी तशीच ठेवून घेतलेलं वाढीव पीक, घेऊ नका. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून तिचा बंदोबस्त करा, बांधावर रचून ठेवू नका. पुढच्या वर्षी डोमकळी, म्हणजे न उमलता गुलाबकळीसारखं मिटून राहिलेलं फूल, दिसली की तोडून नष्ट करा, आणि ल्युअरच्या पुडीवर गुलाबी बोंडअळीचं नाव वाचूनच पैसे द्या.

प्रश्न : मृग लागल्यावर शेतात लाल मखमली किडा निघतो. सरांनी सांगितलं, कीटकाला सहा पाय असतात. मी मोजले तर आठ भरले. मी चुकले का?
– इयत्ता आठवी, धरणगाव

उत्तर : बेटा, तुझं पत्र जूनमधलं आणि उत्तर आता, त्याबद्दल माफ कर. तू अजिबात चुकली नाहीस. मृगाचा किडा हा कीटक नाहीच. तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या कुळातला आहे.

आता पुढची गंमत ऐक. याच मृगाच्या किड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याला सहाच पाय असतात. ते एखाद्या नाकतोड्याच्या अंगाला चिकटून रस पितं, आणि चौथी जोडी त्याला नंतर फुटते. मग पिल्लू कीटक आणि आई कोळ्याच्या कुळातली, असं म्हणायचं का? नाही ना! पाय मोजणं ही ओळखायची सोपी युक्ती आहे. खरा प्रश्न असतो तो कोणाच्या वंशातला, हा. पुढच्या मृगात नाकतोडे पकडून पंखांच्या बुडाशी लाल ठिपके दिसतात का बघ. दिसले तर ती याच कुळातली पिल्लं असण्याची बरीच शक्यता आहे. आणि पाय मोजत राहा.

प्रश्न : उधईला पांढरी मुंगी म्हणतात. माझा नातू म्हणतो, ती झुरळाची बहीण आहे. दाराची चौकट गेली ती गेलीच, पण हे ऐकून किळस आली.
– एक आजी, भुसावळ

उत्तर : आजी, नातवाचं बरोबर आहे. मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते, कंबर बारीक असते, आणि तिची पिल्लं बिनपायांच्या पांढऱ्या अळ्या असतात. उधईची मिशी मण्यांच्या सरळ माळेसारखी, कंबर नाहीच, आणि पिल्लू म्हणजे छोटी उधईच. पहिल्या पावसानंतर सकाळी ट्यूबखाली जे पंख झाडून काढता ना, ते नीट बघा. चारही एका लांबीचे असतात. पंखवाल्या मुंगीचे पुढचे मोठे, मागचे लहान. मुंगी ही गांधीलमाशी आणि मधमाशीच्या गोतातली.

उधईला पूर्वी स्वतंत्र गण, म्हणजे कीटकांचा एक मोठा गट, होता. 2007 साली डीएनएच्या मोठ्या अभ्यासानंतर तो गण मोडून तिला झुरळांतच बसवलं. अमेरिकेत आणि पूर्व आशियात लाकूड खाणारं एक झुरळ आहे. ते जोडीनं ओंडक्यात संसार करतं आणि लाकूड पचवणारे पोटातले सूक्ष्मजीव पिल्लांना भरवतं. उधईही हेच करते, फक्त तिचा संसार लाखांचा. किळस नका करू, आजी. एका ओंडक्यातल्या कुटुंबापासून वारुळापर्यंतचा हा प्रवास आहे.

प्रश्न : तोरणमाळला ट्यूबलाईटवर एक हिरवा पतंग सापडला. मोबाईलच्या ॲपला ओळखता आला नाही. ही नवी प्रजाती असू शकते का? नाव कसं देतात?
– बी.एस्सी. द्वितीय वर्ष, शहादा

उत्तर : असू शकते. आजवर जगात सुमारे दहा लाख कीटक प्रजातींना नाव मिळालं आहे आणि रांग संपलेली नाही. पण ॲपला ओळखता न येणं हा पुरावा नव्हे. आधी त्या घराण्याची सगळी जुनी वर्णनं वाचायची. मग नर असेल तर पोटाचं टोक कापून कोमट कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवायचं. मांसल भाग विरघळतो आणि जननेंद्रियाचा कडक सांगाडा उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो चिमट्या आणि आकड्यांच्या जुडग्यासारखा दिसतो. पंख हुबेहूब सारखे असलेले दोन पतंग इथं वेगळे निघतात. जोडीला डीएनए बारकोड करतात, 658 अक्षरांचा एक ठरलेला तुकडा. ही पद्धत 2003 साली पॉल हेबर्ट यांनी मांडली. एवढं करूनही वेगळेपण टिकलं तर वर्णन छापायचं, आणि ज्या एका नमुन्यावर ते नाव उभं आहे तो, म्हणजे होलोटाइप, कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या संग्रहात ठेवायचा. पुण्यात आकुर्डीला त्यांचं केंद्र आहे, सुरुवात तिथून कर. आणि जंगलात नमुने धरण्याआधी वनखात्याची परवानगी.

पण या सगळ्याआधी मला सांग, पतंगाखाली लेबल लावलंस का? एका कॉलेजात मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत बारा वर्षं कीटक गोळा केले होते. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेला रंग दिला. पेट्या हलवताना कुणीतरी टाचण्यांखालच्या कागदाच्या चिठ्ठ्या 'मळकट दिसतात' म्हणून काढून टाकल्या. किडे एकूण एक जागेवर होते, पंखसुद्धा शाबूत. जूनमध्ये मी पेटी उघडली आणि तिथंच खाली बसले. कुठला, कधीचा, कोणत्या झाडावरचा, काही उरलं नव्हतं. त्यात 2002च्या आधी पकडलेले बोंडअळीचे पतंगही होते. बीटी येण्यापूर्वीची ती पिढी. आज त्यांच्या पायाचा एक तुकडा घेऊन कॅडहेरिनचं जनुक वाचून बघता आलं असतं. आता ते कोणत्या वर्षाचे, हे कोणीच सांगू शकत नाही. गाव, तालुका, तारीख, झाड, कोणी पकडला. पेन्सिलीनं किंवा न पुसणाऱ्या शाईनं, आजच लिही.

चोपड्याच्या दादांना आणखी एक निरोप. डब्यातल्या एका मोठ्या अळीला मी सरकीसकट काचेच्या बरणीत ठेवलं होतं. वसुबारसेच्या पहाटे पतंग बाहेर आला, नर आहे. बारीक टाचणीवर पंख पसरून लावला आहे. खाली लेबल लिहिलं : 'जि. जळगाव, ता. चोपडा, बीटी कापूस, हिरव्या बोंडातली अळी पाळून.' पत्रात तुम्ही गावाचं नाव घातलं नव्हतं. तेवढं कळवा, लेबलवर जागा सोडली आहे.