नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषांवरून चढ किती तीव्र आहे हे कसे ओळखावे?
भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि लगतच्या दोन तपकिरी समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो. त्यामुळे वाटेच्या एका सेंटिमीटरात अशा दहा रेषा ओलांडाव्या लागत असतील, तर अर्ध्या किलोमीटरात २०० मीटर चढायचे आहे, असे समजावे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी या रेषा जवळजवळ एकमेकींना चिकटतात. रेषांचे टोक चढाकडे वळलेले असेल तर ती घळ, उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. नवशिक्यांची गफलत बहुधा इथेच होते. ओढ्याचा रंगही पाहावा, कारण निळा ओढा पाण्याचा आणि काळा कोरडा असतो, व एप्रिलमधल्या भटकंतीत किती पाणी सोबत घ्यायचे हे त्यावरच ठरते.