एनएसएफ फ्युजन करत नाही, झालेलं सोडवते (तर्रीपासून सांगतो)

सेम टूचा पेपर तोंडावर आहे आणि तू विचारलं की तर्रीवरचे तेलाचे दोन थेंब एकमेकाला लागले की आपोआप एक होतात, मग व्हेसिकल (पेशीतली माल नेणारी छोटी पिशवी) मेम्ब्रेनला (पेशीच्या पातळ पडद्याला) टेकली की आपोआप का नाही मिसळत, एवढे प्रोटीन कशाला पाहिजेत. आणि दुसरं, नोट्समध्ये लिहिलंय की एनएसएफ नावाचं प्रोटीन एटीपी (पेशीचं इंधन) जाळून फ्युजन करते, म्हणजे दोन मेम्ब्रेन एक करते, तर नेमकं कसं करते. पहिला प्रश्न मस्त आहे. दुसऱ्याचं उत्तर असं आहे बेटा, की ते करतच नाही. नोट्स फेकू नको, ती ओळ तेवढी खोड. पेपर तपासताना दरवर्षी मला ही ओळ सापडते, पोरं तरी काय करतील, छापलेलंच तसं राहते.

आधी तेल. तेलाला पाणी नको असते, दोन थेंब एक झाले की पाण्याला लागणारा भाग कमी होतो म्हणून ते स्वतःहून जुळतात. मेम्ब्रेनचं उलटं. लिपिडच्या शेपट्या आत लपलेल्या आणि बाहेर पाणी आवडणारी फॉस्फेटवाली डोकी, त्या डोक्यांना पाण्याचा पातळ थर धरून बसलेला. दोन मेम्ब्रेन एक-दोन नॅनोमीटरवर आणायच्या म्हणजे मधलं पाणी पिळून काढावं लागते, ते काही सुखासुखी निघत नाही. आणि बरंच आहे ना, नाहीतर पेशीतलं प्रत्येक लायसोसोम (पचवणारी पिशवी) जो भेटेल त्याच्यात मिसळून सगळं पचवून बसलं असतं.

हे पाणी पिळायचं काम स्नेअर प्रोटीन करतात. व्हेसिकलवर सिनॅप्टोब्रेव्हिन, समोरच्या मेम्ब्रेनवर सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५. पहिल्या दोघांची एकएक दोरी आणि स्नॅप-२५ च्या दोन, अशा चार दोऱ्या एकमेकींवर पिळ घेतात. बॅगेची चेन लावतो तसंच, फक्त दिशा लक्षात ठेव, चेन मेम्ब्रेनपासून लांबच्या टोकाला सुरू होते आणि मेम्ब्रेनकडे येत जाते, त्यामुळे जसजशी लागते तसतशा दोन्ही मेम्ब्रेन ओढल्या जातात. आधी बाहेरचे दोन थर मिसळतात, मग आतले, मग भोक पडते आणि माल बाहेर. हा चौपदरी पिळ एवढा पक्का असतो की एसडीएसमध्ये (प्रोटीन उलगडणाऱ्या साबणासारख्या केमिकलमध्ये) टाकला तरी सुटत नाही. प्रोटीन आकारानं वेगळी करणाऱ्या जेलवर न उकळलेलं सॅम्पल चालवलं तर वर एक वेगळा बँड दिसते, उकळून चालवलं की तो जाते. म्हणजे फ्युजनची ताकद या पिळातूनच येते, त्या क्षणाला एटीपी लागत नाही.

मग एटीपी कुठं जाते? चावीचं खेळणं आठव. धावताना त्याला काही लागत नाही, चावी भरताना हाताला लागते. फ्युजन झाल्यावर चारही दोऱ्या एकाच मेम्ब्रेनमध्ये अडकून बसल्या, पुढच्या खेपेला कोण? तिथं सहा तुकड्यांचं कडं असलेलं एनएसएफ येते, अल्फा-स्नॅपच्या मदतीनं पकडते आणि एटीपी खर्चून तो पिळ उलगडते. ही चावी भरणं झालं.

आता नोट्समध्ये चूक आली कुठून, तर नावातून. शास्त्रज्ञ रॉथमननी ऐंशीच्या दशकात गॉल्जीमधली (पेशीच्या पॅकिंग खात्यातली) वाहतूक टेस्ट ट्यूबमध्ये चालवली होती, त्यात एन-इथाइलमॅलिमाइड टाकलं की ती बंद पडायची आणि व्हेसिकल साचायच्या. त्या केमिकलनं जे प्रोटीन मरते तेच फ्युजन करत असणार असं वाटलं आणि तसंच नाव पडलं, एन-इथाइलमॅलिमाइड-सेन्सिटिव्ह फ्युजन प्रोटीन, म्हणजे एनएसएफ. तिकडे शेकमन यांच्याकडे यीस्टचे सेक म्युटंट (माल बाहेर टाकायचं जीन बिघडलेले) होते, २५ डिग्रीला मजेत वाढायचे आणि ३७ ला वाहतूक ठप्प (आपल्या मे महिन्यात बिचारे दारातच गेले असते). त्यातलं सेक१८ म्हणजे यीस्टमधलं एनएसएफच निघालं. १९९३ च्या स्नेअर मॉडेलमध्येसुद्धा एनएसएफ शेवटच्या पायरीला होतं. पण १९९६ मध्ये विकनर यांच्या गटानं यीस्टच्या व्हॅक्यूओलवर (त्याच्या लायसोसोमवर) दाखवलं की सेक१८ चं काम टेकण्याच्या आधीच उरकू शकते. आणि १९९८ मध्ये रॉथमनच्याच लॅबनं नुसते लिपिडचे फुगे घेऊन त्यात स्नेअर बसवले, एनएसएफ नाही, एटीपी नाही, तरी फुगे मिसळले. स्वतःचंच मॉडेल स्वतःच दुरुस्त केलं, हे मला त्यांच्या २०१३ च्या नोबेलपेक्षा जास्त आवडते, पण ते असो.

त्या फुग्यांना मात्र खूप वेळ लागायचा, आणि नसेत कॅल्शियम आल्यावर एका मिलिसेकंदाच्या आत काम होते. कारण तिथं चेन अर्धी लावून तयार राहते, मन्क१८ सारखे मदतनीस असतात, आणि सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रोटीन कॅल्शियमची वाट बघून राहते. स्यूडॉफ यांचं नोबेल याच कामाचं.

खरंच स्नेअरच करतात का, अशी शंका असेल तर धनुर्वात बघ. टिटॅनसचं विष सिनॅप्टोब्रेव्हिनला कापते, बोट्युलिनम बी सुद्धा त्यालाच कापते, तेही नेमकं त्याच जागेवर. तरी एकात जबडा आवळतो आणि दुसऱ्यात माणूस लुळा पडतो, काऊन? कारण बोट्युलिनम स्नायूला हुकूम देणारी नसच बंद पाडते, आणि टिटॅनस मणक्यात वर चढून त्या नसेला आवर घालणाऱ्या पेशी बंद पाडते. कात्री एक, दुकान वेगळं.

रॅब नावाच्या प्रोटीनबद्दल तू विचारलंस ते थोडक्यात: ट्रक नागपूरच्या कळमन्याच्या मार्केटात पोचला म्हणजे पेट्या उतरल्या असं नसते, कोणीतरी हात दाखवून बरोबर गेटला लावून घेते. ते रॅब आणि त्याची माणसं. पेट्या उतरवणं स्नेअरचं.

आणि डायग्राम काढशील तेव्हा स्नॅप-२५ मेम्ब्रेनच्या आरपार काढू नको, ते फॅटी ॲसिडच्या शेपट्यांनी वरूनच चिकटलेलं असते, यात मार्क कापतो मी. स्नॅप-२५ आणि अल्फा-स्नॅप हे भाऊ-भाऊ नाहीत, आडनाव सारखं आहे फक्त.