इंटरप्रिटरचा मुख्य लूप सोपा करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा: सी-मध्ये स्वतःच्या छोट्या भाषेचा इंटरप्रिटर लिहिला, बाइटकोडही (इंटरप्रिटर एकेक करून चालवतो त्या इन्स्ट्रक्शनची यादी) नीट निघतो, पण ब्रेक (लूपमधून बाहेर), रिटर्न (फंक्शनमधून बाहेर) आणि फायनली (काहीही झालं तरी शेवटी चालणारा कोड) एकत्र आले की मुख्य लूपमध्ये इफ-एल्सचं जंगल माजतं. मग कोणती इन्स्ट्रक्शन आली ते बघून तिचं काम करणारा स्विच काढून दुसरं काही वेगवान बसवावं का? माझं म्हणणं, स्विचला आत्ता हात लावू नका. गुंता दिसतो लूपमध्ये, पण तो सोडवायची जागा कंपायलर, म्हणजे बाइटकोड तयार करणारा भाग, आहे.

मी हे भोगलंय. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करताना बिलांचे नियम लिहायला आम्ही एक छोटी भाषा केली होती. ब्रेक आला की मी एक फ्लॅग लावायचो आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर लूप तो फ्लॅग बघून उघडे ब्लॉक शोधत बसायचा. चालू किमती एकावर एक ठेवायचा स्टॅक 256 घरांचा. एक मोठं बिल अडीचशेच्या आसपास फेऱ्या झाल्या की हमखास पडायचं. मे महिना, रात्री अकरालाही कूलर गरम हवा फेकतोय, आणि मी दर फेरीला स्टॅकची उंची छापतोय: 3, 4, 5, 6... ट्रायच्या (फायनली ज्याला जोडतात तो ब्लॉक) आतून ब्रेक झाला की आतल्या फॉरचा इटरेटर (यादीतली पुढची किंमत देणारी वस्तू) स्टॅकवरच राहत होता!

कंपायलर ब्रेकच्या ओळीवर असतो तेव्हा आपण किती ब्लॉकच्या आत आहोत हे त्याला नेमकं माहीत असतं. तेच इंटरप्रिटरला पुन्हा का शोधायला लावायचं? कंपायलरमध्ये उघड्या ब्लॉकची यादी ठेवा. ब्रेक दिसला की आतून बाहेर चालत जा: फायनली असेल तर त्याचा कोड तिथेच उतरवा, लूपशी पोचलात की इटरेटर काढायची इन्स्ट्रक्शन टाका, मग साधी उडी. रिटर्नला सगळे ब्लॉक पार करायचे, फक्त परत द्यायची किंमत स्टॅकच्या माथ्यावर असते, म्हणून आधी अदलाबदल आणि मग पॉप. एक जागा फार फसवी आहे. फायनलीचा कोड उतरवताना तो ब्लॉक यादीतून तात्पुरता काढा. नाहीतर फायनलीतच रिटर्न असेल तर कंपायलर त्याच फायनलीत गोल फिरत राहील.

पायथननेही असंच केलं. 2019 च्या 3.8 आवृत्तीत सेटअप_लूप, ब्रेक_लूप आणि कंटिन्यू_लूप या इन्स्ट्रक्शन काढून टाकल्या आणि ब्लॉक उलगडायचं काम कंपायलरकडे दिलं. तोवर फायनलीच्या आत कंटिन्यू लिहायला भाषेतच बंदी होती, कारण इंटरप्रिटरला ते झेपत नव्हतं. ती बंदी त्याच आवृत्तीत उठली. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

फायनलीचा कोड अनेक ठिकाणी उतरल्याने बाइटकोड फुगतो, हे खरं. पायथन 3.8 मध्ये तो सबरूटीनसारखा बोलावला जायचा, 3.9 पासून सरळ प्रत काढतात. जावाच्या कंपायलरनेही जेएसआर (सबरूटीनकडे उडी मारायची इन्स्ट्रक्शन) सोडून प्रतींचाच रस्ता धरला आणि जावा 7 च्या क्लास फाइलमध्ये (जावाचा बाइटकोड ठेवायची फाइल) तर जेएसआरला मनाईच आहे. छोट्या भाषेला हा फुगवटा सहज परवडतो.

एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेली चूक, मात्र कुठूनही उठतं, ते कंपायलरला आधी कळत नाही. त्यासाठी वेगळा तक्ता ठेवा: या इन्स्ट्रक्शनपासून त्या इन्स्ट्रक्शनपर्यंत काही फाटलं तर स्टॅक इतक्या उंचीवर आणून अमुक ठिकाणी जा. पायथनही 3.11 पासून असाच तक्ता वापरतं.

आणि कंपायलरमध्ये एक तपासणी आजच टाका. प्रत्येक इन्स्ट्रक्शनपाशी स्टॅकची उंची मोजा, आणि दोन वाटा एका जागी येतात तिथे दोन्हींची उंची सारखी नसेल तर बाइटकोड तयारच होऊ देऊ नका. ही तपासणी असती तर माझी गळती प्रोग्राम चालायच्या आधीच सापडली असती. पहिली चाचणी म्हणून फॉर, त्यात ट्राय-फायनली, त्यात आणखी एक फॉर, आणि सगळ्यात आतून रिटर्न, एवढं चालवून बघा.