जाऊबाई शेजाराच्या नावानं उभ्या राहतायत, आधी आपल्या बंद घराचं बघा

डब्लिनहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या थोरल्या जाऊबाई पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या गावात ग्रामपंचायतीला उभ्या राहतायत, प्रचाराचं वाक्य पण ठरलंय, 'शेजार जपणारं गाव', आणि थोरल्या दिरांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की डिजिटल बोर्ड, गाड्या, जेवणावळी सगळं धरून तुमच्याकडनं पाच लाख तरी पाहिजेत. ताई विचारतायत पाठवू का, आणि नाही पाठवले तर घरात कायमचं वाईटपण येईल का.

ताई, पैशाचं मागनं बोलू. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय, की गावातलं आमच्या वाटणीचं घर 2016 पासून बंद आहे आणि पत्र्याच्या पाण्यावरनं शेजारच्यांशी जरा वाजलंय. मला त्या ओळीचीच जास्त काळजी वाटते. जाऊबाई दारोदार जाणार, शेजारधर्माचं बोलणार, ती शेजारीण चहा पण देईल, सगळं ऐकून घेईल आणि मग परड्याकडं बोट करेल, की हे बघा, तुमच्या दिराच्या पत्र्याचं पाणी नऊ-दहा पावसाळे झाले माझ्या चुलीच्या भिंतीत मुरतंय, भिंत फुगलीय, ह्याचं काय? त्यावर जाऊबाईंकडं उत्तर नाही, कारण घर तुमच्या नावावर आणि किल्ली तुमच्याकडं.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, नदीपासनं लांब नाही. बांधावरनं आमचं आणि शेजारच्यांचं बोलणं बंद होतं, लग्नाची पत्रिकासुद्धा जात नव्हती. ऑगस्ट 2019 ला पूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी धोका पातळी 45 फुटांची आणि पाणी 57 च्या वर गेलेलं. आमच्या गोठ्यात पाणी शिरलं त्या पहाटे शेजारचा थोरला पोरगा एक शब्द न बोलता आत आला, भावाबरोबर आजीला बाजेसकट उचलून बाहेर नेलं, आणि परत येऊन म्हशींची दावी विळ्यानं कापली कारण गाठी फुगलेल्या, सुटत नव्हत्या. ती कापलेली दावी वडिलांनी अजून खुंटीला ठेवलीत. 2021 ला परत पाणी वाढायला लागलं तेव्हा वडिलांनी आधी त्यांच्या म्हशी उंचावर नेल्या, आमच्या नंतर. पुढं तो पोरगा निवडणुकीला उभा राहिला, आमच्या भावकीच्या विरुद्ध पॅनेलमधनं, थोडक्यात पडला, पण आमच्या घरातलं एकही मत दुसरीकडं गेलं नाही.

आपल्याकडं ह्याला सावड म्हणतात. आज तू माझ्या रानात भांगलायला ये, उद्या मी तुझ्या रानात येते, मजुरी नाही, पण सावड फेडावीच लागते आणि ती अंगानं फेडायची असते. तुमच्यावर त्या शेजाऱ्यांची दहा वर्षांची सावड चढलीय ताई, आणि जाऊबाई ती फेडू शकत नाहीत, तुम्हीच फेडू शकता. पत्र्याला पन्हळ लावून पाणी आपल्या हद्दीत सोडा, त्यांची भिंत आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्या, आणि गवंडी कोण आणायचा ते त्यांनाच ठरवू द्या.

दुसरं, घरपट्टी. बंद घराची कोण भरतंय? 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात कलम 14 आहे, कराचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर माणूस सदस्य व्हायला अपात्र ठरतो, आणि एकत्र कुटुंबातल्या एकानं थकवलं तरी ते बाकीच्यांच्या अंगाशी येऊ शकतं. छाननीच्या दिवशी विरोधक नेमकं हेच काढतात. सरकारी जागेत वाढवलेली पडवी असेल तर ती पण. म्हणून थकबाकी आधी भरा आणि पावती जाऊबाईंच्या हातात पोचवा.

आता पाच लाख. नका पाठवू. तुम्ही आयरिश नागरिकत्व घेतलं असेल तर प्रश्नच मिटला, विदेशी योगदानाच्या 2010 च्या कायद्यानं उमेदवाराला परदेशी पैसा घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असला तरी जेवणावळीला पैसे देऊ नका, मटणाच्या जेवणानं मत विकत घ्यायचं आणि बोर्डवर शेजार लिहायचं हे गावाला लगेच कळतं, शिवाय खर्चाचा हिशोब निकालानंतर 30 दिवसांत द्यावा लागतो आणि तो जाऊबाईंच्या सहीनं जातो. जून 2024 ला तुमच्याकडं कौन्सिलची निवडणूक झाली तेव्हा उमेदवार दारात येऊन दोन मिनिटं उभं राहून रस्त्याचं, कचऱ्याचं विचारून गेले असतील, जाऊबाईंना तेच करायचंय, त्याला चप्पल लागते, गाड्यांचा ताफा नाही. आणि नागरिकत्व बदललं असेल तर गावच्या यादीत जुनं नाव दिसतंय म्हणून मत टाकायला अजिबात येऊ नका, नाव कमी करायचा अर्ज द्या.

एक गोष्ट मात्र मला खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात जाऊबाईंचं स्वतःचं एक वाक्य नाही, पैसे दिरांनी मागितले, वाक्य दिरांनी ठरवलं. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत अर्ध्या जागा बायकांच्या आहेत, आणि तरी कितीतरी घरांत बाई सहीपुरती आणि कारभार नवऱ्याचा, हे बघून जीव तुटतो. त्यांना एकट्यांना फोन करा, विचारा की तुम्हाला गावात नेमकं काय करायचंय. पुराच्या वेळी कुणाच्या घरात म्हातारं माणूस झोपून आहे, कुणाकडं लहान लेकरू आहे, अशी गल्लीवार यादी आधीच करून ठेवायची असं त्या म्हणाल्या तर त्यात तुम्ही डब्लिनला बसून खरोखर मदत करू शकता, यादी नीट लावून द्या, आणि परगावी गेलेल्या पोरांचे नंबर गोळा करा, म्हणजे पाणी चढायला लागलं की कुणाला कळवायचं ते ठरलेलं असेल.

पण पहिला फोन शेजाऱ्यांना. तुमच्या दुपारी दोनच्या सुमाराला लावा, तोवर गावात धारा काढून, डेअरीला दूध घालून माणसं घरी आलेली असतात. निवडणुकीचा विषय काढूच नका, भिंत किती फुगलीय ते विचारा.