बांधकामाच्या चुन्याचे प्रकार कोणते? जुन्या वाड्याच्या दुरुस्तीला कोणता वापरावा?

'दुकानदार म्हणतो, चुना सगळा सारखाच' असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच वाक्य मी आमच्या वाईच्या वाड्यात चुलतभावाच्या, म्हणजे अण्णांच्या, तोंडून ऐकलंय, आणि ते इंजिनिअर आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कळीचा (भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला) आणि विरवलेला (पाणी घालून फोडलेला) चुना हे प्रकार नव्हेत, एकाच मालाच्या दोन अवस्था आहेत. प्रकार ठरतो तो भट्टीत काय भाजलं त्यावर. शुद्ध चुनखडी किंवा कोकणातले शिंपले भाजले की पांढराशुभ्र चुना मिळतो. पाणी पडताच तो खदखदतो, दुपटीहून जास्त फुगतो. गिलाव्याचा शेवटचा हात आणि सफेदी यांसाठी उत्तम. पण तो घट्ट होतो हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडने, तेही बाहेरून आत. जाड भिंतीच्या पोटात कच्चाच राहतो. चुनखडीत मातीचा अंश असेल तर हायड्रॉलिक चुना होतो. तो कमी फुगतो, रंगाने मळकट, पण पाण्याखालीसुद्धा धरतो. देशावर काळ्या मातीत सापडणाऱ्या कंकराचा (चुन्याच्या खड्यांचा) चुना बहुधा याच जातीचा. आयएस ७१२ या भारतीय मानकात ए ते एफ असे वर्ग आहेत: ए आणि बी हायड्रॉलिक, सी शुद्ध पांढरा, ई कंकराचा, डी आणि एफ मॅग्नेशियमवाले.

आता आमचं. मागची भिंत नदीच्या अंगाला, दगडविटांच्या दरजा (मधले सांधे) मोकळ्या झालेल्या. अण्णांच्या ठेकेदाराने सफेदीच्या चुन्याची पोती आणली, वाळूत कालवली आणि दरजा भरायला घेतल्या. मी म्हटलं, "अण्णा, हा चुना ओलीत धरणार नाही." ते म्हणाले, "चुना म्हणजे चुना. तू कॉमर्सवाला."

मी त्याच पोत्यातला चुना घट्ट मळून लिंबाएवढे गोळे केले, सकाळी सावलीत ठेवले आणि दुपारच्या चहाला सगळ्यांसमोर पातेल्यातल्या पाण्यात सोडले. ही गोळ्याची चाचणीही मानकातलीच आहे (आयएस १६२४), माझ्या डोक्यातली नव्हे. अण्णांचा कप संपायच्या आत गोळे भेगाळले, फुगले आणि तळाशी नुसता गाळ. चांगला हायड्रॉलिक चुना असता तर गोळा तसाच राहिला असता. काकू हसल्या. अण्णा हसले नाहीत.

माझ्या वाटणीच्या भिंतीला मी तोच पांढरा चुना वापरला, पण खड्ड्यात विरवून, वर बोटभर पाणी ठेवून मुरवलेला, आणि त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. खंगर (जास्त भाजलेल्या) विटेची भुकटी म्हणजे नुसती वाळू. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी जुळते, म्हणून तो ओलीतही घट्ट होतो. चुन्यात गूळ, उडीद, बेलफळ घालण्याच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. त्याने बांधकामाचा मसाला चिकट होतो, पांढरा चुना हायड्रॉलिक होत नाही.

अण्णांच्या दरजा पुढच्याच पावसाळ्यात धुऊन गेल्या. त्यांचा निष्कर्ष काय, तर चुनाच कुचकामी! मग त्यांनी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. ओल आतच कोंडली, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला आणि गिलाव्याचे पोपडे विटेचा पापुद्रा घेऊन सुटले. माझी भिंत ओली होते आणि वाळते. भिंतीने तेच करायचं असतं.

तेव्हा तुम्ही: जोत्याला आणि दरजांना हायड्रॉलिक चुना किंवा चुना-सुरखी, शेवटच्या हाताला मुरवलेला पांढरा. गोळ्याची चाचणी दुकानदारासमोरच करा. हो, हे सगळं जुन्या दगडविटांच्या भिंतींसाठी आहे. स्लॅब, बीम, कॉलम असतील तिथे सिमेंटच. चुन्याचं काम सावकाश होतं, रोज पाणी मारावं लागतं, आणि कळी विरवताना डोळ्यांना चष्मा हवाच, नाहीतर जन्माचं अंधत्व.

आणि वाडा सामाईक असेल तर कोणत्या भिंतीला काय लावायचं हे काम सुरू होण्याआधी भाऊबंदांकडून लिहून घ्या. आमचे अण्णा अजून सांगतात की ओल माझ्या बाजूने येते.